इसार बुडाला म्हणजे नेमकं काय झालं?

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात थांबवू नका, तसंच ऐका. पुढे एका जागी कागद-पेन लागेल. तेव्हा मी सांगेन. तोवर घरातल्या लेकराला तेवढं शोधून ठेवायला सांगा.

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. परदेशी पक्ष्यांची खरेदी-विक्री आणि त्यात अडकलेला इसार. कुणी विसार म्हणतं, कुणी बयाणा, आणि मोबाईलवर सौदा झाला की त्यालाच टोकन म्हणतात. आपल्या गटातल्या बाईचा आणि परदेशी पोपटाचा काय संबंध, असं मलाही वर्षापूर्वी वाटलं असतं. पण आमच्या एका गटात याच गोष्टीवरून तीन आठवडे बैठक धड झाली नाही. त्या ताईंना विचारूनच मी हे सांगतेय. त्यांचं आणि गावाचं नाव सांगणार नाही.

त्यांचा मुलगा आयटीआय करून घरी बसलेला. मोबाईलवर त्यानं पाहिलं की सन कोन्यूर नावाच्या पक्ष्याची जोडी पाळली तर तिची पिल्लं चांगल्या भावानं जातात. हा पक्षी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हळदीसारखा पिवळा, मधे शेंदरी, पंखात हिरवी झाक. दिसायला देखणा, पण ओरडतो असा की शेजारीण भांडायला येईल. शहरातला एक माणूस घरीच पक्षी वाढवून विकायचा. जोडीचे 18,000 ठरले. पिल्लं लहान होती, तो त्यांना हातानं भरवत होता, स्वतः दाणा खायला लागली की देतो म्हणाला. 7,000 टोकन मागितलं. ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज उचललं आणि मुलाच्या मोबाईलवरून पाठवून दिलं. कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलं, शेळीपालन.

पिल्लं न्यायची वेळ आली तेव्हा ताईंच्या हातात बाकीचे 11,000 नव्हते. कांद्याची पट्टी यायची होती. मुलानं निरोप टाकला, आठ दिवस थांबा. त्याचं उत्तर आलं, "चालेल, आठ दिवस ठेवतो." हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे. त्या आठ दिवसांत एक पिल्लू मेलं. मग तो माणूस म्हणाला, उरलेलं एक घ्या आणि दुसरं दुसऱ्या जातीचं देतो, भाव तोच. ताई म्हणाल्या, आम्हाला जोडी हवी होती, जोडी नाही तर पैसे परत द्या. तो म्हणाला, टोकन परत मिळत नसतं, आणि तुम्ही वेळेवर नेलं असतं तर पिल्लू मेलं नसतं.

ताई माझ्याकडे आल्या. आणि मी काय सांगितलं माहीत आहे? मी म्हणाले, "ताई, इसार बुडाला म्हणजे बुडाला. बैलबाजारात असंच असतं." लहानपणापासून तेच ऐकलेलं. आजोबा बाजारातून आले की सांगायचे, अमक्यानं इसार दिला आणि फिरला, गेले पैसे. मी बी.ए. झालेली, गटाच्या बायांना कागदपत्रं समजावून सांगणारी, पण कायदा न बघता निकाल देऊन मोकळी झाले. माझ्या त्या एका वाक्यानं त्या बाईचे पंधरा दिवस वाया गेले. गटातही बातमी पसरली. शेळीसाठी म्हणून घेतलेला पैसा पोपटावर घातला, असं तोंडावर बोलल्या बाया. ताईंनी बैठकीला यायचं सोडलं.

दोन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी तालुक्याच्या कोर्टात गेले होते. तिथं तालुका विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथं वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्यानंच तशी सोय केलेली आहे, दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही. तिथल्या वकीलबाईंना मी सहज विचारलं. त्यांनी मला खाली बसवलं आणि आधी एकच प्रश्न केला, "सौदा मोडला कुणी?"

तायांनो, सगळं भांडण या प्रश्नावर फिरतं. आपण नुसतं नाव धरून बसतो, इसार की टोकन की ॲडव्हान्स. विकणाऱ्यानं ठरलेली वस्तू दिली नाही, तर नाव काहीही असलं तरी घेतलेले पैसे त्यानं परत करायचे. घेणारीनं विनाकारण शब्द फिरवला, तर इसारातून पैसे कापून घ्यायचा विकणाऱ्याला हक्क येतो. तोही मनाला येईल तेवढा नाही, रास्त वाटेल तेवढाच. आणि "टोकन परत मिळणार नाही" ही अट पैसे घ्यायच्या आधी सांगायची असते. पैसे खिशात गेल्यावर टाकलेल्या अटीला तेवढा जोर राहत नाही.

वकीलबाईंनी मला एक खटला सांगितला. तो जमिनीचा आहे, पण मला फार आवडला म्हणून सांगते. दिल्लीत 1982 साली सरकारी प्राधिकरणानं एक भूखंड लिलावाला काढला. एका कंपनीची बोली लागली 3 कोटी 12 लाखांची. चौथा हिस्सा, म्हणजे 78 लाख, तिनं इसार म्हणून भरला. पुढे वर्षानुवर्षं बाकीच्या रकमेवरून पत्रापत्री चालली आणि शेवटी प्राधिकरणानं सौदा रद्द करून 78 लाख जप्त केले. मग तोच भूखंड 1994 साली 11 कोटी 78 लाखांना विकला. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये विचारलं, तुमचं नुकसान कुठं झालं? तुम्हाला तर फायदाच झाला. इसार परत करायला लावला. नुकसान मोजता येत नसेल तर कोर्ट अंदाजानं रास्त रक्कम ठरवतं, पण नुकसान झालंच नसेल तर इसार गिळता येत नाही. करार कायद्याचं 74 वं कलम आहे हे. कायदा 1872 चा, आपल्या पणजीच्या आधीचा.

आता मेलेल्या पिल्लाकडे येऊ. ते कुणाचं मेलं, ताईंचं की त्या माणसाचं? आपण म्हणू, दावणीला आलं नाही तोवर विकणाऱ्याचं. कायदा इतका सरळ नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात जनावर, पक्षी हेही मालातच मोडतात. एखादं ठराविक जनावर पसंत करून, सगळं ठरवून सौदा पक्का झाला, तर काही वेळा पैसे आणि ताबा बाकी असतानाही मालकी घेणाऱ्याकडे गेली असं धरलं जातं. पण इथं पिल्लू अजून भरवून मोठं करायचं होतं. विकणाऱ्याकडे काम बाकी असेपर्यंत मालकी त्याचीच. त्यानंतरचे आठ दिवस मात्र ताईंनी मागितलेले. घेणाऱ्याच्या दिरंगाईमुळे नुकसान झालं तर त्याचा भार घेणाऱ्यावर येऊ शकतो. म्हणजे त्या माणसाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. मी आधी त्याला सरळ चोर ठरवून बसले होते, तेही चूकच.

ताईंना तारलं त्या एका निरोपानं. "चालेल, आठ दिवस ठेवतो." त्यानं स्वतः मुदत वाढवून दिली होती. मग दिरंगाई कसली? मुलानं तो निरोप पुसला नव्हता, एवढंच नशीब. वकीलबाईंनी त्याचा आणि पैसे गेल्याच्या पावतीचा फोटो काढून छापून घ्यायला लावला. मुलानं फोन बदलला असता तर हातात काय राहिलं असतं?

नोटीस गेली स्पीड पोस्टानं. साधी, दीड पानाची. कधी किती पैसे दिले, काय ठरलं होतं, काय झालं, आणि पंधरा दिवसांत 7,000 परत करा. शिवीगाळ नाही, धमकी नाही. त्या माणसाचा फोन आला. रागानंच बोलला, पण बोलला. त्याचंही ऐकून घेतलं. खाण्याचा खर्च, डॉक्टरचा खर्च, आणि त्या आठ दिवसांत आलेलं दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं होतं म्हणे. पुढच्या आठवड्यात त्यानं 4,000 पाठवले. 3,000 वरून अजून ओढाताण चालू आहे. खटला न भरता लोकअदालतीत ठेवतात, त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात, तसं ते ठेवलंय. तारीख यायची आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर त्याला पाच-सातशे सोडायला हरकत नाही, आठ दिवस त्यानं जीव सांभाळला होता. ताईंना ते पटत नाही. पैसे त्यांचे आहेत, ठरवतील त्या.

आणखी एक गोष्ट नोटिशीच्या वेळी उघडी पडली, ती पैशापेक्षा मोठी होती. वकीलबाईंनी विचारलं, पक्ष्याचा कागद आहे का? आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. पक्ष्याचा कसला कागद?

तर असा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. जगभरात ज्या प्राण्यांच्या व्यापारावर करारानं नियंत्रण आहे, त्यांची यादी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत घातली गेली. असा प्राणी जिवंत पाळायचा तर सरकारच्या परिवेश नावाच्या संकेतस्थळावर नोंद करावी लागते. त्याचे नियम 2024 मध्ये आले. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. सन कोन्यूर या यादीत आहे, मकाव आहे, काकाकुवा आहे, राखी पोपट आहे. पोपटाच्या कुळात मोजक्याच जाती त्या करारातून वगळलेल्या आहेत. आपल्याकडे घरोघरी ज्यांना सरसकट लव्ह बर्ड म्हणतात ते बजरीगर, तुऱ्याचे कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा खरा लव्ह बर्ड या त्यातल्या. म्हणजे ताईंच्या मुलानं बिनकागदाची जोडी आणून पिल्लं विकायला काढली असती, तर एक दिवस वनखात्याचा माणूस दारात उभा राहिला असता. त्या माणसाला कागदाबद्दल विचारलं तेव्हा त्यानं विषयच बदलला. ताईंचा मुलगा त्या रात्री जेवला नाही म्हणतात.

आणि आपला गावचा राघू? पिंजऱ्यातला मिठू मिठू करणारा? तो पकडायला, विकायला, पाळायला बंदीच आहे. मैना, पाठीवर चांदण्या असलेलं कासव, तेही तसंच. कासव घरात ठेवलं की पैसा येतो असं सांगून विकणारे फिरतात. त्यांना इसार दिलात आणि बुडाला तर मागायचीही सोय नाही, कारण बेकायदा सौद्याचे पैसे वसूल करून द्यायला कोर्ट बसलेलं नाही. उलट तुम्हीच आरोपी. त्यांना दारातूनच परत पाठवा.

आता दुसरी बाजू. आपल्यातल्या काही जणी विकणाऱ्याही आहेत. शेजारच्या गावातल्या एक मावशी पडवीत कॉकाटील पाळतात. राळा, बाजरी, सूर्यफुलाचं बी, पिंजऱ्याला समुद्रफेस टांगलेला, अगदी लेकरासारखं करतात. तालुक्याच्या एका गृहस्थानं जोडी पसंत केली, 3,500 ठरले, 1,000 इसार दिला, आठवड्यानं नेतो म्हणाला. पाच आठवडे आलाच नाही. आला तो म्हणतो, बायको नको म्हणते, हजार परत द्या. मावशींनी स्वच्छ सांगितलं, इसार तो इसार. पुढच्या आठवड्यात तीच जोडी त्यांनी दुसऱ्याला 3,000 ला दिली. मग त्या गृहस्थाचे रोज फोन, गावातल्या पुढाऱ्यामार्फत दबाव. मावशी घाबरून माझ्याकडे.

या वेळी मी तोंड उघडायच्या आधी हिशेब मांडला. सौदा त्यानं मोडला, म्हणजे मावशींना कापून घ्यायचा हक्क. पण किती? भावात 500 कमी आले. पाच आठवड्यांचं खाणं मावशींनी सांगितलं 250. झाले 750. उरले 250, ते परत. मावशी म्हणाल्या, "आणि माझा ताप?" मला हसू आलं, पण प्रश्न खरा होता. बाईच्या श्रमाचा हिशेब कुणीच धरत नाही, आपणही नाही. गटानं बसून ठरवलं, तापाचे 50 धरायचे. 200 परत गेले. गृहस्थ कुरकुरला, पण कागदावर मांडलेला हिशेब बघून गप्प बसला. कोर्टात गेलं असतं तर हेच आकडे आले असते असं मी म्हणणार नाही, पण दोन्ही घरं शांत झाली.

आता कागद घ्या. घेणारी असा की विकणारी, दहा रुपये दिले-घेतले तरी एवढं लिहा. कागद साधा चालेल, किंवा निरोपात लिहून समोरच्याकडून "मान्य" असं उत्तर मागवा. कोणता पक्षी किंवा जनावर, किती, नर-मादी, वय, रंग, काही खूण. सन कोन्यूरमध्ये नर-मादी दिसायला सारखेच असतात, पिसाची तपासणी केल्याशिवाय कळत नाही, म्हणून "जोडी" एवढंच लिहू नका, तपासणीचा कागद कोण देणार तेही लिहा. पूर्ण किंमत किती, आज किती दिले, बाकी कधी द्यायची. ताबा कोणत्या तारखेला, कुठं. ताबा मिळेपर्यंत मेलं, आजारी पडलं तर जबाबदारी कुणाची, हे तर ठळक लिहा. विकणाऱ्यानं दिलं नाही तर किती दिवसांत पूर्ण पैसे परत. घेणाऱ्यानं नको म्हटलं तर किती कापायचे, तो आकडा. नोंदणी लागणारा प्राणी असेल तर नोंदणीचा क्रमांक. तारीख, दोघांच्या सह्या. बस. शेळीलाही हाच कागद चालतो, म्हशीलाही, तिथं फक्त वेत किती, गाभण किती महिन्यांची, दूध किती आणि सड चारही चालू आहेत का, हे वाढवा.

पाठवायचं कसं, हेही आधी ठरवा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोक्यात घालून जीव पाठवतात. वाटेत मेला की भांडण, आणि भांडणापेक्षा त्या मुक्या जिवाचे हाल. जाऊन बघून, हातात घेऊन आणा. जाणं जमत नसेल तर निदान समोरासमोरचा व्हिडिओ कॉल करून पक्षी दाखवायला सांगा. जो माणूस फोटोच फोटो पाठवतो आणि कॉल म्हटलं की टाळतो, त्याच्याकडे पक्षी नसतोच बहुतेक. आधी टोकन, मग गाडीभाडं, मग विमा, मग कसलीशी अनामत, अशी एकामागून एक रक्कम मागत गेला तर तो सौदा नाही, ती फसवणूक आहे. तिथं नोटीस पाठवत बसू नका. लगेच 1930 ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

विकणारा दुकानदार असेल, किंवा नेहमीच हा धंदा करणारा असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. आधी 1915 ला फोन करून विचारा. आपण धंद्यासाठी घेतलं म्हणून आपण ग्राहक नाही, असं समोरचा म्हणेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा आपल्याला ग्राहकच मानतो. घरातलं एखादं पिल्लू कधीतरी विकणारा असेल तर मात्र ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्ट किंवा लोकअदालत. पैसे मागण्याचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावायचा असतो, "देतो, देतो" म्हणत कुणी वर्षं घालवू नका.

त्या ताईंचं सांगायचं राहिलं. परत आलेले 4,000 त्यांनी आधी गटात भरले. मग बैठकीत उभं राहून म्हणाल्या, "शेळी लिहिलं ते खोटं होतं. पोपट म्हटलं असतं तर तुम्ही दिलेच नसते." खजिनदार बाई म्हणाल्या, "नसतेच दिले." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी पोपटच लिही, आणि आम्हाला भांडू दे." आता आमच्या गटात कर्जाच्या अर्जामागे सौद्याचा कागद जोडतात. दोन जणींनी शेळीसाठी जोडला, एकीनं शिलाई मशीनसाठी.

ताईंचा मुलगा सध्या त्याच मावशींकडे कॉकाटीलचं काम शिकायला जातो. लोकअदालतीची तारीख लागली की काय झालं ते इथंच सांगेन. इसाराचं तुमचं काही अडलं असेल तर रेडिओच्या पेटीत चिठ्ठी टाका. नाव लिहिलं नाही तरी चालेल, पण सौदा कुणी मोडला आणि तुमच्याकडे लिहिलेलं काय आहे, या दोन गोष्टी नक्की लिहा.